पश्चिम वाट, वारा फार

२ एप्रिल, बुधवार. सकाळी ६
नवी वही सुरू. जुनी अर्धी कोरी आहे, पण तिच्यात जानेवारी महिना आहे आणि तो मला पुन्हा चाळायचा नाही.

वारा आग्नेयेचा, बारीक पाऊस. म्हणजे नॉर्वेकडे निघालेले पक्षी भरकटून आमच्या हेल्सी बेटावर उतरणार. बेटावर माणसं एकेचाळीस, मेंढ्या अकराशे, झाड एक. सध्या माणसं चाळीस, कारण माझी बायको ओस्ला लेरविक शहरात बहिणीकडे आहे. पश्चिम वाटेची मोजणी यंदाही मीच करणार. धक्का ते चर, चर ते कडा, चार मैल, रोज. पक्षी-केंद्राच्या नोंदवहीत पश्चिम वाटेपुढे एकतीस वसंत एकच सही आहे: जी. एच. गिल्बर्ट हॅलक्रो. गर्व नाही, पण आहे ते आहे.

संकल्प: साडेपाचला उठणे. रोज दाढी. ओस्ला येईपर्यंत स्वयंपाकघर चकाचक ठेवणे, म्हणजे फार तर दोन आठवडे. स्थलांतर तिने आजवर एकदाही चुकवलेलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार
बोटीचा दिवस. (मंगळवार, गुरुवार, शनिवार.) धक्क्यावर सहज गेलो होतो. ओस्ला नाही. बहिणीचा, मीमाचा, गुडघा दुखतोय. गुडघे वेळ घेतात.

मोजणी: कालवफोडे ६४, पाणलावे १९, चंडोल ३३. गोल्डक्रेस्ट शून्य. जरा विचित्र. पाच ग्रॅमचा जीव, डोक्यावर सोनेरी रेघ, आवाज सुईच्या टोकाएवढा. झुडपात तो दिसत नाहीच. आधी आवाज येतो, मग पक्षी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझे दरवर्षी वीस-पंचवीस होतात. वारा फार होता.

४ एप्रिल, शुक्रवार
साडेपाचला उठलो नाही. सातला उठलो, पण ताजातवाना.

थर्मासमध्ये सवयीने दोघांचा चहा भरला. दोन्ही कप मीच प्यालो, वाया कशाला घालवायचा. चराजवळ थांबलो. इथे ओस्ला हमखास माझ्या कोपराला बोट लावायची. बोलायची नाही काही. प्रेम दाखवायची तिची ती पद्धत. आमच्या बेटावर माणसं यापुढे जात नाहीत. मग मीही काही न बोलता इकडेतिकडे बघायचो आणि लगेच एखादा पक्षी शोधून दाखवायचो. असं आमचं.

गोल्डक्रेस्ट शून्य. वारा.

७ एप्रिल, सोमवार
संध्याकाळी केंद्रात हजेरी. केंद्राची प्रमुख इशबेल एकेका पक्ष्याचं नाव घेते आणि ज्याने जितके मोजले त्याने तितका आकडा सांगायचा. 'गोल्डक्रेस्ट?' पूर्व वाट नऊ. उत्तर वाट चौदा. पोस्ट चालवणाऱ्या बाबीच्या बागेतलं झाड, दोन. मी ठणकावून म्हटलं, 'शून्य.' सगळ्या खोलीने माझ्याकडे पाहिलं. आदराने. शून्य सांगायला छाती लागते; हौशी लोक दोनाचे चार करतात.

नंतर इशबेल हळूच म्हणाली, 'यंदा कोणी सोबत देऊ का तुम्हाला?' मी म्हटलं, सोबत आहे मला. सोबतीच्या बहिणीचा गुडघा बरा झाला की येईल.

दाढी उद्यापासून.

८ एप्रिल, मंगळवार
बोट. पशुखाद्य, टपाल, तीन पक्षीवाले. बस्स.

१२ एप्रिल, शनिवार
घड्याळाची दर तासाची बीप बंद पडली. सेल बदलला. तरी बंद. हल्ली काही टिकाऊ करत नाहीत.

किटलीचं तेच. शिट्टी बिघडली आहे, पाणी आटून बूड काळं झालं. ही दुसरी किटली. बाबीकडे तक्रार केली, कारण किटली तिनेच मागवून दिली होती. बाबी ब्याऐंशी वर्षांची, दोन्ही कानांत यंत्रं. म्हणाली, 'गिबी, तुझी किटली मला माझ्या घरात ऐकू येते, आणि मी बहिरी आहे.' बिचारी. त्या वयात माणसाला काहीबाही ऐकू येतं.

तिच्या मांजराबद्दल मात्र माझा संशय बळावत चालला आहे. पश्चिम वाटेवर हिंडताना मी त्याला दोनदा पाहिलंय.

बोटीत ओस्ला नव्हती.

१५ एप्रिल, मंगळवार. रात्रीचं जेवण झाल्यावर
जेवण म्हणजे खारवलेल्या मटणाचं सूप, सलग सहावा दिवस. ओस्लाने जाताना मोठं पातेलंभर करून फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. आज शेवटचं. तिचा हिशोब कधी चुकत नाही. म्हणजे सूप संपलं की ती येणार, असा त्याचा सरळ अर्थ.

जाताना ती दारात म्हणाली होती, 'गिबी, आता थोडं मला माझ्यासाठी ऐकायचंय.' मी म्हटलं, जरूर, लेरविकला फिडलच्या मैफिली छान होतात. ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मग बॅग उचलली. हे जानेवारीतलं झालं. जानेवारी लिहायचा नाही असं ठरलं होतं.

१९ एप्रिल, शनिवार
सूप संपून चार दिवस झाले. बोट आली. नाही.

२२ एप्रिल, मंगळवार
बोटवाला लाउरी सहज बोलून गेला की शनिवारी लेरविकला एका लग्नात मीमा भेटली. काय नाचली म्हणे, बँड थकला पण ती थकली नाही. मी विचार केला. गुडघे दोन असतात. आता दुसरा असणार.

२४ एप्रिल, गुरुवार
मोठा शोध. तीन आठवड्यांचे आकडे समोर मांडले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कालवफोडे भरपूर. पाणलावे भरपूर. चंडोल ठीक. पण गोल्डक्रेस्ट शून्य, झाडावरचा तिरचिमणा शून्य, आणि रातकिड्यासारखा किरकिरणारा तो वटवट्या, ज्याला आम्ही रीळवाला म्हणतो (गातो तेव्हा गळाच्या रिळावरून दोरी सुटल्यासारखा आवाज येतो), तोही शून्य. म्हणजे मोठे शिल्लक आहेत आणि लहान नाहीसे होत आहेत. पूर्व वाटेवर अजून मिळतात, याचा अर्थ ऱ्हास पश्चिमेकडून सुरू झालाय. हे इतक्या वर्षांत कोणाच्याच ध्यानात आलं नाही, आणि येणार तरी कसं, रोज चालतो कोण?

अहवाल लिहायला घेतला. नाव: 'हेल्सीवरील लहान पक्ष्यांचा ऱ्हास: एका निरीक्षकाची एकतीस वर्षे'. मांजराला स्वतंत्र परिच्छेद.

ओस्लाला हे कळलं की ती पहिल्या बोटीने येईल. अशा वेळी ती घरी बसणारी नाही.

२६ एप्रिल, शनिवार
इशबेल आज मोजणीला सोबत आली. माझी पद्धत शिकायची असणार, चांगलं आहे. चराजवळ ती एकदम थांबली आणि मान कलती करून उभी राहिली. दमली असेल म्हणून मी तिला चहा दिला. तिने विचारलं, 'तुम्हाला आत्ता काय काय ऐकू येतंय?' मी म्हटलं, समुद्र. चंडोल. मेंढी. ती म्हणाली, 'आणि?' मी म्हटलं, दुसरी मेंढी. तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. शिकाऊ लोकांनी असं लिहून घेतलेलं मला आवडतं.

चराजवळ कप रिकामा होईपर्यंत बसलो. कोपर थोडा गार पडला होता.

२९ एप्रिल, मंगळवार
ओस्लाला फोन केला. मी सरळ मुद्द्यावर आलो. लहान पक्षी संपत चाललेत, पुराव्यानिशी सिद्ध केलंय, तू ये आणि बघ. ती म्हणाली, 'गिबी, मी इथे सकाळी मीमाच्या अंगणात चहा घेऊन बसते. एखादा पक्षी ओरडतो. मी ऐकते. एवढंच.'

मी म्हटलं, किती? ती म्हणाली, 'मोजत नाही.'

तेव्हापासून काळजी वाटतेय. एकतीस वर्षं मोजणीला येणाऱ्या बाईने मोजणं सोडावं हे बरं लक्षण नाही. शहरात राहून माणूस असा होतो. लवकर परत आणलं पाहिजे.

ता. क. फोन ठेवण्याआधी तिने विचारलं, 'सूप पुरलं का?' मी म्हटलं, अजून आहे. का म्हटलं कोण जाणे.

१ मे, गुरुवार
बोट. नाही. अहवाल पूर्ण, तीन पानं. मांजराचा परिच्छेद बाबीच्या विनंतीवरून काढला. विनंती म्हणजे तिने मला आठवडाभर टपाल दिलं नाही.

इशबेलने अहवाल आधी वाचायला मागितला. मी दिला नाही. काही गोष्टी लोकांनी एकदमच ऐकलेल्या बऱ्या.

३ मे, शनिवार. रात्री ९
वाचला. सविस्तर लिहून ठेवतो, कारण असा दिवस पुन्हा येत नाही.

दाढी केली. कोट घातला. हजेरीची खोली भरलेली, बाहेरून आलेले पक्षीवाले धरून तीसएक माणसं. उकडत होतं म्हणून कुणीतरी खिडकी उघडली. मी उभा राहून सुरुवात केली. पहिलं पान झालं, दुसरं पान झालं. तिसऱ्या पानावर रीळवाल्याचा भाग आहे. मी वाचलं, 'हा पक्षी आपल्या बेटावरून गेला आहे, आणि गेलेला पक्षी परत येईलच असं नाही.' वाक्य मी मुद्दाम सावकाश वाचलं.

त्याच क्षणी खोलीत परिणाम झाला. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या, बाहेरच्या झुडपाकडे. वाईट बातमी ऐकली की माणूस बाहेर बघतो. एका पाहुण्याने हात वर केला, इशबेलने तो धरून खाली घेतला. प्रश्न शेवटी घेऊ असं मी सांगितलेलंच होतं. मागच्या रांगेत एक जण हसला आणि मग लालबुंद झाला. एक बाई डोळे पुसत होती. बाबीने कानातली दोन्ही यंत्रं काढून मांडीवर ठेवली आणि जमिनीकडे बघत बसली. ही बाई माझ्या अहवालामुळे इतकी हेलावेल असं वाटलं नव्हतं.

संपल्यावर टाळ्या नाहीत. मोठं काम असलं की टाळ्या वाजत नाहीत.

ओस्ला असायला हवी होती. सबंध वाचताना मी दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होतो. ती नेहमी तिथे बसते.

४ मे, रविवार
सकाळी इशबेल अंडी आणि बॅनक भाकरी घेऊन आली. बराच वेळ किटलीकडे बघत बसली. मग उठून गॅस बंद केला. म्हणाली, 'शिट्टी वाजत होती.' मी म्हटलं, ही किटली बिघडलेली आहे. ती म्हणाली, 'नाही, गिल्बर्ट.' मग म्हणाली की काल मी तिसरं पान वाचत असताना खिडकीबाहेरच्या झुडपात रीळवाला गात होता. पूर्ण पाच मिनिटं. सगळ्यांना ऐकू येत होता.

मी म्हटलं, वारा.

ती म्हणाली, बारीक, उंच आवाज आधी जातात. वय झालं की सगळ्यांचे जातात, तिच्या वडिलांचेही गेले. तपासून घेता येतं. मी म्हटलं, आभारी आहे, अंडी छान आहेत. ती गेली.

गायब झालेला पक्षी माझ्या अहवालाच्या वेळेलाच नेमका येऊन बसतो, हे मला पटत नाही. कालच्या हवेत तर नाहीच. कुणीतरी पाचर मारलेली दिसते.

मोजणीला गेलो नाही. पाय दुखतोय. गुडघा.

६ मे, मंगळवार
धक्क्यावर गेलो नाही. मग गेलो. नाही आली.

८ मे, गुरुवार
ओस्ला आली.

निळा कोट. मी अर्धी दाढी केलेली, कारण गेले तीन दिवस... ते जाऊ दे. हातात फक्त पर्स. म्हटलं, बाकीचं सामान मागून येईल. लाउरी म्हणाला, 'चार तासांनी सुटतो, ओस्ला.' ती म्हणाली, 'माहितेय.' इशबेलने फोन करून बोलावलं होतं तिला. ओस्ला मला म्हणाली, 'चल, वाट चालू या.'

चाललो. मी अहवालाबद्दल सांगत होतो. बाबीच्या भिंतीपाशी तिने माझ्या कोपराला बोट लावलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी बोलायचा थांबलो. चार महिने झाले होते. मग सवयीने इकडेतिकडे बघितलं, आणि झाडात गोल्डक्रेस्ट. यंदाचा पहिला. मी म्हटलं, 'बघ, तू आलीस आणि आला.' कोबीच्या वाफ्याच्या दगडी कुंपणाजवळ पुन्हा बोट. तिरचिमणा. मेंढ्यांच्या फाटकाशी पुन्हा. पुन्हा पक्षी. मग माझी चाल आपोआप मंदावली.

चराशी ती थांबली. बोट लावलं. मी बघितलं, काही नाही. म्हटलं, 'वारा...' ती म्हणाली, 'गवत बघ, गिबी. हलतंय का?'

तिने माझी दुर्बीण धरून कुंपणाच्या तारेकडे वळवली. तारेवर रीळवाला. वीस पावलांवर. चोच सताड उघडी, गळा थरथरतोय, शेपटीपर्यंत सगळा पक्षी थरथरतोय. गात होता. इतक्या जवळून मी आयुष्यात पाहिला नव्हता. आणि आवाज नाही. काहीच नाही. मी दुर्बीण खाली केली.

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, 'नऊ वर्षं. आधी गोल्डक्रेस्ट गेला, मग हा. मी सांगितलं होतं तुला. तीनदा. तू म्हणालास वारा आहे. मग मी सांगायचं सोडलं आणि बोट लावायला लागले.'

मी म्हटलं, 'मला वाटायचं...' आणि थांबलो. मला काय वाटायचं ते मी तिला सांगू शकलो नाही.

ती चराच्या काठावर बसली. शांतपणे बोलत होती, रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, 'मी ऐकायचे, बोट लावायचे, तू शोधायचास, लिहायचास, सही करायचास. त्याचं मला काही नाही रे. पण नऊ वर्षं एकही पक्षी मी नुसता ऐकला नाही. आवाज आला की पहिला विचार तुझ्या कोपराचा. मीमाकडे गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काहीतरी ओरडलं आणि माझा हात उठला. शेजारी कोणी नव्हतं. मी तो पक्षी शेवटपर्यंत ऐकला. खूप रडले.'

मी म्हटलं, 'मी कानात यंत्रं घालीन. बाबीसारखी. दोन.' ती म्हणाली, 'घाल. स्वतःसाठी घाल.'

मी म्हटलं, मग तू येशील? ती म्हणाली, 'थर्मासमध्ये चहा आहे का?' होता. दोघांचा.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघर पाहिलं. खुंटीवरून तिची दुर्बीण घेतली आणि पर्समध्ये ठेवली. तेव्हा मला समजलं. सामान मागून येणार नव्हतं. सामान जाणार होतं.

धक्क्यावर लाउरी दोर सोडत होता. ओस्ला माझ्याशेजारी उभी होती. तिने माझ्या कोपराला बोट लावलं. मी लगेच वळलो, दगडांवर बघितलं, पाण्यावर बघितलं, दुर्बीण उचलली. म्हटलं, 'कुठे?'

ती म्हणाली, 'कुठेच नाही, गिबी.' आणि बोटीत चढली.

बोट टोकापलीकडे गेल्यावर मला कळलं की त्या वेळी पक्षी नव्हता.

९ मे, शुक्रवार
केंद्रात जाऊन इशबेलकडे गेल्या नऊ वर्षांच्या नोंदवह्या मागितल्या. जी. एच. खोडून ओ. एच. करायचं होतं. ती म्हणाली, जुनी नोंद खोडता येत नाही, समासात टीप लिहिता येते. सबंध दिवस लिहीत बसलो. 'ऐकणारी: ओस्ला हॅलक्रो.' एकशे बारा टिपा झाल्या. त्याआधीच्या बावीस वर्षांतलेही किती तिचेच होते, ते विचारायचं राहून गेलं. आता विचारणार कुणाला?

अहवाल परत मागितला. इशबेलने दिला. पेटवायला उपयोगी पडला, जाड कागद होता.

बाबीने माझ्यासाठी लेरविकच्या कानवाल्याची वेळ घेतली आहे, पुढच्या गुरुवारची. मी विचारलं नव्हतं. म्हणाली, 'यंत्रं लावल्यावर पहिले पंधरा दिवस सगळ्या जगाचा राग येतो. मग किटली ऐकू येते.' मी विचारलं, गोल्डक्रेस्ट? ती म्हणाली, 'मला नाही आला कधी. तुला कदाचित येईल.' मग तिने माझं अडवून ठेवलेलं आठवड्याचं टपाल दिलं.

मला ओस्ला हवी आहे. हे कुठेतरी लिहायचं होतं, इथे लिहिलं.

१० मे, शनिवार. सकाळी ८
साडेपाचला उठलो. दाढी केली. बोट नऊला येते. धक्क्यावर जाणार नाही.

पश्चिम वाट केली. कालवफोडे ५८, पाणलावे २१, चंडोल ३०. गोल्डक्रेस्टपुढे 'नाही' लिहिलं, मग त्यावर काट मारून 'मला ऐकू आला नाही' लिहिलं. रीळवाल्यापुढेही तेच.

चराजवळ थांबलो. चहा एकाचाच नेला होता. कोपर थोडा बाहेर काढून दहा मिनिटं उभा राहिलो. तार रिकामी होती की नव्हती, सांगता येत नाही, डोळ्यांतून पाणी येत होतं. गवताचं एकही पातं हललं नाही. वारा अजिबात नव्हता.